दुसरा दोर

घराची आतली बाजू दिवाळीआधी साफ होते, बाहेरची दिवाळीनंतर. ठाणे-डोंबिवली-कल्याणच्या पट्ट्यात हे वेळापत्रक कित्येक वर्षं ठरलेलं आहे. आत माळे उपसले जातात, पंखे पुसले जातात, डबे घासून उन्हात पालथे पडतात. बाहेरच्या भिंतीवर पावसाळ्याचं शेवाळ तसंच असतं, कारण दोरावरची माणसं गावी गेलेली असतात. दिवाळी, छठ आटोपून ती परततात आणि नोव्हेंबरात गच्च्यांवरून दोर खाली सुटायला लागतात. जूनच्या पहिल्या सरीला ते गुंडाळले जातात. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या भागात इमारतीच्या बाहेरच्या अंगाला हात लावायला मिळतो तो एवढ्या सहा-सात महिन्यांत.

यात काच धुणारे आले, रंगारी आले, सांडपाण्याचे पाइप बदलणारे आले, कबुतरांसाठी जाळ्या मारणारे आले आणि भिंतीत उगवलेला पिंपळ उपटणारेही आले. कामं निरनिराळी, पण ही सगळी माणसं आपल्या घराच्या अशा बाजूला वावरतात जी घरमालकाने जन्मात पाहिलेली नसते. मी डोंबिवलीत राहतो, आमच्या सोसायटीच्या कमिटीत बसलो आहे, रंगाची कोटेशनं उघडली आहेत. त्यामुळे या लेखात थोडा मीही आरोपीच्या बाजूला उभा आहे, असं समजायला हरकत नाही.

वागळे इस्टेटपासून सुरुवात करू. एमआयडीसी 1962 साली स्थापन झाली आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत. किसननगर, लोकमान्यनगर या वस्त्या वाढल्या त्या इथल्या कारखान्यांच्या पाळ्यांवर. कायम नोकरी, युनियन, कँटीन, फंड आणि दिवाळीचा बोनस यांवर ठाण्यातल्या दोन पिढ्यांचे संसार झाले. मग कारखाने एकेक करून मिटले आणि त्यांच्या जागी आयटी पार्कच्या काचेच्या इमारती आल्या. तिकडे जेकेग्रामची 1925 पासूनची रेमंडची गिरणी 2009 मध्ये बंद झाली. त्या जमिनीवर आज मनोरे आहेत. काच धुणारा माणूस काचेआडच्या कुठल्याच कंपनीचा नसतो आणि इमारतीचाही नसतो. देखभालीचं कंत्राट एकाकडे, त्याने सफाई दिलेली दुसऱ्याकडे, दुसऱ्याने बाहेरची काच तिसऱ्याला दिलेली, आणि तिसऱ्याचा मुकादम टोळी घेऊन येतो. हजेरी मुकादमाच्या वहीत, उचलही त्याच वहीत.

काम कसं चालतं ते खाली उभं राहून पाहण्यासारखं आहे. सकाळी टोळी इमारतीच्या पश्चिमेला असते, दुपारनंतर पूर्वेला. उन्हाची बाजू धरली तर साबण पुसायच्या आधीच वाळतो आणि काचेवर पट्टे उमटतात, म्हणून सावली जिथे तिथे टोळी. माणूस एका फळीवर बसून उतरतो. कमरेला दोरीने बांधलेली बादली, तिच्यात पाणी आणि ‘आर-थ्री’. हाउसकीपिंगच्या जगात द्रावणांना आकड्यांनीच हाक मारतात: आर-टू फरशीला, आर-थ्री काचेला, आर-सिक्स संडासाला. एका हातात पाणी लावायचा कापडी दांडा, दुसऱ्या हातात रबरी पट्टीचा वायपर. हा वायपर इटलीतून अमेरिकेत गेलेल्या एत्तोरे स्तेक्कोने नावाच्या काच धुणाऱ्याने 1936 मध्ये पेटंट केला; आजतागायत त्यात फारसा बदल करावा लागलेला नाही. प्रत्येक वस्तू दोरीने अंगाला बांधलेली असते, कारण बाराव्या मजल्यावरून सुटलेला वायपर खाली पोचेपर्यंत वायपर राहत नाही.

खालून न कळणारी एक अडचण आहे. लटकत्या माणसाने काचेवर जोर दिला की काच जागची हलत नाही, माणूसच मागे जातो. डाग चिवट असेल तर घासायला जितकी ताकद लावाल तितके तुम्ही हवेत ढकलले जाता. म्हणून डाव्या हाताने रबरी व्हॅक्यूम कप काचेला चिकटवून त्याला धरून राहायचं आणि उजव्या हाताने घासायचं. दोन्ही बाजूंना हात पोचेल तेवढ्याच रुंदीचा एक उभा पट्टा वरून खालपर्यंत पुसून होतो. मग खाली उतरायचं, मागच्या जिन्याने किंवा मालवाहू लिफ्टने पुन्हा गच्चीवर जायचं, दोर थोडा बाजूला सरकवायचा आणि पुढचा पट्टा धरायचा.

घोडबंदर रोडला आणखी एक ताप. तिथल्या कित्येक संकुलांची तहान टँकर आणि बोअरवेलवर भागते, आणि त्या क्षारयुक्त पाण्याने काच धुतली तर वाळल्यावर पांढरे ठिपके उठतात. ते साध्या साबणाला दाद देत नाहीत, मग आम्ल येतं. क्षाराचे डाग काढायच्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ते कातडीवर पडलं तर कधी कधी लगेच आग होत नाही. तासाभराने, कधी त्याहून उशिरा ते आत पोचल्याचं कळतं. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम लागतं. माझ्या पाहण्यातल्या एकाही टोळीच्या पिशवीत ते नव्हतं. डबाच लेबल फाटलेला असला तर आत काय आहे हे वापरणाऱ्याला तरी कुठून ठाऊक असणार?

आता दोराबद्दल. दोरावर लटकून काम करायची आजची शास्त्रशुद्ध रीत जगाने घेतली ती गुहांत उतरणाऱ्यांकडून आणि गिर्यारोहकांकडून. 1980 च्या दशकात ब्रिटनमध्ये तिला धंद्याचं रूप आलं आणि दशकाच्या अखेरीस ‘इराटा’ ही संघटना उभी राहिली. तिचे तीन स्तर आहेत. एका स्तरावरून पुढच्या स्तरावर जायला किमान वर्षभर आणि दोरावरचे एक हजार तास लागतात. या सगळ्या शिस्तीचा गाभा मात्र एका ओळीत सांगता येतो: दोर दोन हवेत. एक कामाचा, ज्यावर माणूस उतरतो. दुसरा सुरक्षेचा, ज्यावर त्याच्या हार्नेसला जोडलेली पकड नुसती सोबत सरकत राहते. पहिला तुटला की दुसऱ्याने धरायचं. आणि दोन्ही गच्चीवर वेगवेगळ्या जागी बांधलेले हवेत, नाहीतर एकच खांब दोघांनाही घेऊन जायचा.

हे ज्ञान आपल्याला परकं आहे असं नाही. डोंबिवलीच्या कुठल्याही उंच गच्चीवरून स्वच्छ हवेत मलंगगडाचा सुळका दिसतो, आणि ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या गिर्यारोहण मंडळांची पोरं सह्याद्रीतले कडे-सुळके चढतच मोठी झाली. त्यातल्या काहींनी पुढे तोच दोर पोटापाण्याला लावला आणि मनोऱ्यांची कामं घ्यायला सुरुवात केली. अशा टोळ्या ओळखू येतात: डोक्यावर हनुवटीला बांधलेलं हेल्मेट, पूर्ण अंगाचा हार्नेस, कॅराबिनर फिरकी लावून बंद केलेला, खाली पट्टी बांधून अडवलेली जागा. त्या संख्येने थोड्या, आणि महाग. रविवारी छंद म्हणून सुळका चढणाऱ्याला खालून दोर सांभाळणारा (‘बिले’ देणारा) जोडीदार असल्याशिवाय कुणी कड्याला हात लावू देत नाही. सोमवारी त्याच उंचीवर पोटासाठी उतरणाऱ्याला मात्र एकाच दोरावर सोडलं जातं.

दुसरा दोर का नसतो? अज्ञान हे याचं सोपं उत्तर, पण खरं उत्तर ते नव्हे. दोरावर चार हंगाम काढलेल्या माणसाला दुसऱ्या दोराची गरज सांगावी लागत नाही. पण दर पट्ट्याला दोन दोर सरकवायचे, दोन ठिकाणी बांधायचे, दोन ठिकाणी कठड्याच्या कडेला गोणपाट किंवा जुन्या फायर होजचा तुकडा घालायचा आणि हे सगळं पाहायला एक माणूस दिवसभर गच्चीवर बसवून ठेवायचा. पैसे मात्र भिंतीच्या चौरस फुटाला मिळतात. गच्चीवर बसलेला माणूस एकही चौरस फूट रंगवत नाही. म्हणून तो आधी कमी होतो, त्याच्यामागे दुसरा दोर जातो, आणि शेवटी पूर्ण अंगाच्या हार्नेसच्या जागी कमरेचा पट्टा येतो. दोर नुसत्या वजनाने क्वचितच तुटतो. तो कापला जातो कठड्याच्या कडेवर घासून घासून, किंवा सुटतो गाठीतून, किंवा तो ज्याला बांधला होता ते उखडतं. पाण्याच्या टाकीचा कॉलम किंवा लिफ्टच्या मशिनरूमचा बीम असेल तर ठीक. डिश अँटेनाचा पाइप किंवा कठड्यावरचं रेलिंग असेल तर खालच्या माणसाचा जीव डिश बसवणाऱ्याच्या चार बोल्टांवर असतो. चाळीस मजले बांधताना ते पुढे धुणार-रंगवणार कसे याचा नकाशात विचार करून गच्चीवर पक्के अँकर ठोकले असते, तर हा प्रश्न निम्मा उरला नसता. स्विमिंग पूल मात्र नकाशात असतो.

ठाण्याचं हे असं, काचेचं आणि उंचीचं. डोंबिवलीत आलं की उंची कमी होते आणि घाण वाढते.

इथल्या तळमजला-अधिक-चार इमारतींचा खरा पुरुषार्थ डक्टमध्ये असतो. दोन विंगांच्या मधली, संडास-न्हाणीघरांच्या खिडक्या जिथे उघडतात ती उभी अंधारी पोकळी. सोसायटीच्या वार्षिक सभेत ज्या गोष्टींचं नावही निघत नाही त्या सगळ्या तिथे साचलेल्या असतात: गळक्या पाइपांनी हिरवी-काळी झालेली भिंत, वरच्या मजल्यावरून सोडलेले केस आणि प्लास्टिक, तुटलेले मग, चेंडू, एखादी मूर्ती, आणि वर्षानुवर्षांच्या कबुतरांच्या विष्ठेचा थर. डक्टमध्ये पूर्ण लांबीचा दोर मोकळा सोडता येत नाही, पाइपांत अडकतो. मग माणूस पाइपाच्या क्लॅम्पवर पाय ठेवत, दोर फक्त आधाराला धरून उतरतो. जुने बिडाचे पाइप काढून पीव्हीसीचे घालताना त्याच्या डोक्यावरचे संडास चालूच असतात. ‘सकाळी नऊ ते बारा बी विंगच्या रहिवाशांनी संडासाचा वापर टाळावा’ अशी सूचना फळ्यावर लागते. तिचं पालन सगळे करतील यावर पाइप उघडून बसलेल्या माणसाचा फार विश्वास नसतो. तो वर बघून ओरडतो, ‘ऊपर कोई पानी मत छोडना!’ आणि डोकं बाजूला घेतो.

कबुतरांच्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना बाधते हे 2025 च्या पावसाळ्यात मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून उच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या वादामुळे घराघरांत कळलं. त्या वादात दाणे टाकणारे बोलले, रहिवासी बोलले, डॉक्टर बोलले. ती विष्ठा पत्र्याने खरवडून गोण्यांत भरणारा माणूस त्या चर्चेत कुणाला आठवला नाही. तो तोंडाला फडकं बांधतो. कोरडी खरवडण्याआधी ती पाण्याने भिजवावी म्हणजे धूळ उडत नाही, पण भिजवली की वास उठतो आणि खिडक्यांमधून तक्रारी येतात. म्हणून कोरडीच.

आणि पिंपळ. पक्ष्यांच्या पोटातून आलेलं बी पाइपाच्या मागच्या ओल्या फटीत रुजतं, छज्ज्याच्या सांध्यात मूळ घालतं आणि चार पावसाळ्यांत मनगटाएवढं होतं. मूळ जाड झालं की प्लास्टर सुटतं, मग पाणी सळईपर्यंत पोचतं, सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. हे सगळ्यांना समजतं, पण पिंपळाला कोयता लावायला सोसायटीतलं कुणी पुढे येत नाही. मग ‘ते रंगवाले करतील’. टोळीतलाही एखादा कुरकुरतो, दुसरा उतरतो. वरून फांदी छाटून भागत नाही, मूळ पटाशीने खोदून काढून तिथे औषध भरावं लागतं. कोटेशनमध्ये यासाठी वेगळा रकाना मी पाहिलेला नाही. पाप आणि काम दोन्ही फुकट.

डोंबिवलीच्या भिंतींवर आणखी एका गोष्टीचा थर बसतो. 2014 च्या जानेवारीत एमआयडीसी परिसरात हिरवा पाऊस पडला, 2020 च्या फेब्रुवारीत रस्ता गुलाबी झाला; दोन्ही वेळा महाराष्ट्रभर फोटो फिरले. बाकीच्या दिवशी तिथल्या निवासी विभागात जे बसतं त्याचे फोटो निघत नाहीत. 2016 आणि 2024 च्या मे महिन्यात कारखान्यांत स्फोट झाले तेव्हा दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. अशा वेळी आधी मोडलेल्या काचांचे चौकटीत अडकलेले तुकडे काढून घ्यावे लागतात, आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर ते बाहेरूनच काढावे लागतात.

रंगकामाची सुरुवात रंगाने होत नाही. आधी जुना पापुद्रा पत्र्याने आणि तारेच्या ब्रशने काढायचा, प्रेशरच्या पाण्याने भिंत धुवायची, मग हातोडीने ठोकत ठोकत खाली यायचं. घट्ट प्लास्टर टणक वाजतं, सुटलेलं बद्द वाजतं. बद्द वाजलेल्या जागी खडूने गोल काढायचा. ते गोल उकरून, सळईचा गंज काढून, पॉलिमरचं मॉर्टर भरून मग प्रायमर आणि रंगाचे दोन हात. दहा-दहा वर्षं इमारतीच्या ज्या अंगाला कुणी शिवलेलं नसतं त्याला वीतभर अंतरावरून पाहणारा, ठोकून ऐकणारा पहिला माणूस हाच. कुठल्या बाजूला बीमच्या खाली आडवी चीर आहे, कुठल्या बाल्कनीचा स्लॅब वाकलाय, कुणी आतून भिंत काढल्यामुळे बाहेर भेग आलीय, हे त्याला सभासदांच्या आधी कळतं.

त्याला विचारतो कोण? 28 जुलै 2015 च्या रात्री ठाकुर्लीची मातृकृपा इमारत कोसळून नऊ जण गेले. आठवडाभरात, 4 ऑगस्टला, नौपाड्यात बी केबिनजवळची कृष्णा निवास पडली. बारा जण गेले. 2025 च्या मे महिन्यात कल्याण पूर्वेला सप्तशृंगी इमारतीत वरच्या मजल्यावर फरशीचं काम चालू असताना स्लॅब कोसळून सहा जणांचा जीव गेला. महापालिका अधिनियमाच्या कलम 265 अ नुसार तीस वर्षांवरच्या इमारतीला संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. ती करणारा अभियंता रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिकची यंत्रं घेऊन येतो, हात पोचतील तिथल्या कॉलमची मापं घेतो आणि अहवाल देतो. बाहेरून चौथ्या मजल्यावर लटकलेल्या माणसाचे खडूचे गोल त्या अहवालात येत नाहीत. दुसऱ्या दिवशी ते गोल पुट्टीखाली जातात, आठवड्याने इमारत क्रीम आणि चॉकलेटी रंगात नवी दिसू लागते, आणि पुनर्विकासाचा विषय सभेत आणखी दोन वर्षं पुढे जातो. कल्याण-डोंबिवलीत तर खोट्या परवानग्यांवर महारेराची नोंदणी मिळवलेल्या पासष्ट इमारती पाडायचा आदेश उच्च न्यायालयाने 2024 मध्ये दिला. बाहेरून पाहिलं तर त्यातल्या कितीतरी शेजारच्या अधिकृत इमारतीपेक्षा टापटीप.

आता ती सभा. रंग काढायचा ठरला की आमच्याकडे, आणि माझ्या माहितीतल्या प्रत्येक सोसायटीत, सर्वांत जास्त वेळ शेड कार्डावर जातो. कुणाला पीच हवा असतो, कुणाला शेजारच्या कॉम्प्लेक्ससारखा राखाडी. एक काका सांगतात की मूळ स्नोसेमचाच पिवळा छान होता. मग कंपनी कुठली, हात किती, गॅरंटी किती वर्षांची. तीन कोटेशनं, त्यातलं कमीत कमी, त्यावर आणखी घासाघीस. दोर कसे असतील, किती असतील, कुणी तपासायचे, हा प्रश्न मी एकदा विचारला तेव्हा सचिव म्हणाले, ‘तो ठेकेदाराचा विषय आहे, आपण कशाला पडा?’ कोटेशनच्या शेवटच्या पानावर एक ओळ होती: कामगारांच्या सुरक्षेची संपूर्ण जबाबदारी कंत्राटदाराची राहील. ती वाचून सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं.

कायद्याच्या नजरेने ही ओळ वाटते तेवढी भक्कम नाही. इमारतीच्या दुरुस्ती-देखभालीवर चढणाऱ्या माणसाला नुकसानभरपाईचा हक्क ब्रिटिश अमदानीतल्या 1923 च्या कायद्यानेच दिला. एकाहून जास्त मजल्यांच्या इमारतीवरचं काम त्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलेलं होतं. सोसायट्या कोटेशनसोबत जी ‘डब्ल्यूसी पॉलिसी’ मागतात ती याचीच. पॉलिसीचा कागद येतो. पण त्यावर किती माणसं आहेत, कुठल्या तारखेपर्यंत आहे, आणि आज दोरावर असलेले पाच जण त्यात मोजलेत का, हे बघायची पद्धत नाही. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने बांधकामाबरोबर दुरुस्ती आणि देखभालही धरली, आणि त्यातून महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळ उभं राहिलं. पण तो लागू होता दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला. रंगाची टोळी असते पाच-सात जणांची. ठेकेदाराच्या चार इमारतींवर मिळून तीस माणसं असली तरी प्रत्येक गेटवर ती सातच दिसतात. नव्या श्रमसंहितेतही दहाचा आकडा कायम आहे. मंडळात नोंदणीसाठी वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो ठेकेदाराने द्यायचा, आणि दिला की हा माझा माणूस हे त्याने लिहून दिल्यासारखं होतं. त्यामुळे दाखल्याचा विषय निघाला की ठेकेदाराचा फोन लागत नाही.

10 सप्टेंबर 2023 ला ठाण्यात बाळकुमला चाळीस मजली इमारतीच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंगचं काम करून उतरणाऱ्या कामगारांची लिफ्ट कोसळली. सात जण गेले. दिवसभर त्या गच्चीवर काम करून ते सुखरूप होते. मेले ते संध्याकाळी खाली येताना. त्यानंतर काही दिवस शहरभर लिफ्टच्या तपासणीची चर्चा झाली. मरणारे बहुतेक परप्रांतातले होते हे बातम्यांच्या खालच्या परिच्छेदात आलं.

या कामात मालदा-मुर्शिदाबादची, झारखंडची, बिहार-उत्तर प्रदेशची पोरं दिसतात. टोळी बहुधा एकाच गावची, बऱ्याचदा एकाच घरातली: काका मुकादम, पुतण्या दोरावर, धाकटा गच्चीवर गाठ सांभाळायला. हे भावनिक वाटेल, पण व्यवहार आहे. आपला दोर कुणाच्या हाती आहे हे माणसाला ठाऊक हवं असतं. खोली दिव्याला, मुंब्र्याला, नाहीतर कल्याणच्या आडबाजूला पाच-सहा जणांत मिळून. 2025 च्या जूनमध्ये मिरा रोडवरून मुर्शिदाबादच्या एका गवंड्याला बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकलण्यात आलं आणि पश्चिम बंगाल सरकारने पाठपुरावा केल्यावर परत आणावं लागलं, तेव्हापासून बंगाली बोलणारी टोळी कामावर येताना आधार, मतदार कार्ड आणि गावच्या पंचायतीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणते. हार्नेस नसला तरी चालतो, कागद हवा.

गेटवर वहीत नाव लिहिलं जातं. रहिवाशांची लिफ्ट वापरायची नाही, असा बोर्ड बऱ्याच ठिकाणी असतो. रंगाचा वीस लिटरचा डबा खांद्यावर घेऊन जिने चढायचे. संडास कुठला वापरायचा, याचं उत्तर बहुतेक सोसायट्यांत वॉचमनच्या मर्जीवर. दोरावरचा माणूस म्हणून सकाळपासून पाणी कमी पितो, एप्रिलच्या उन्हातसुद्धा. अर्थात उलटही दिसतं. खिडकीबाहेर माणूस आला की एखादी आजी ग्रिलमधून तांब्या पुढे करते, ‘अरे, पानी लेगा क्या? और जरा वो कुंडी मत गिराना हं.’ ‘नहीं गिरेगी, माँजी.’ बॉक्स ग्रिलमधल्या कुंड्या, एसीचे बाहेरचे डबे, वाळत घातलेले कपडे, या सगळ्यांमधून वाट काढत तो रंगवत असतो. एसीच्या डब्याखालच्या अँगलवर पाय टाकायचा मोह त्याला सारखा होतो, आणि तो अँगल कधी गंजलाय हे पाय टाकल्यावरच कळतं.

रहिवाशांना आधी न सांगता खिडकीबाहेर माणूस उतरवला तर काय होऊ शकतं याचं टोकाचं उदाहरण बँकॉकजवळचं. 2021 च्या ऑक्टोबरात तिथल्या एका उंच इमारतीत आपल्याला कळवलं नाही म्हणून चिडलेल्या रहिवासी बाईने बाहेर लटकलेल्या रंगाऱ्यांचा दोर खिडकीतून कापला. सव्विसाव्या मजल्यावर अडकलेल्या त्या दोघांना दुसऱ्या रहिवाशांनी खिडकी उघडून आत ओढलं, म्हणून वाचले. आपल्याकडे दोर कुणी कापत नाही. खिडकीची झडप जोरात उघडली जाते, वरून सडा-संमार्जनाचं पाणी पडतं, गच्चीवर पोरं पतंगाचा मांजा घेऊन येतात. संक्रांतीच्या आठवड्यात अनुभवी मुकादम गच्चीला कुलूप मागतो.

पडण्याइतकीच धास्ती अडकण्याची असते. हार्नेसमध्ये माणूस हालचाल न करता लटकत राहिला तर पायांतलं रक्त वर येत नाही. बेशुद्धी काही मिनिटांत येऊ शकते. न्यूयॉर्कच्या वन वर्ल्ड ट्रेड सेंटरवर 2014 च्या नोव्हेंबरात काच धुणारे दोघे अडुसष्टाव्या मजल्याच्या आसपास तिरक्या झालेल्या पाळण्यात अडकले, तेव्हा अग्निशामक दलाने आतून जाड काच कापून त्यांना ओढून घेतलं. आपल्याकडे खिडक्यांना बाहेरून बॉक्स ग्रिल असतात आणि दोरावर अडकलेल्या माणसाला आत घ्यायची वाट नेमकी त्यांनीच बंद केलेली असते. अग्निशमन दलाला फोन जाईपर्यंत आणि गाडी घोडबंदरच्या किंवा डोंबिवली पूर्वेच्या कोंडीतून येईपर्यंत सोडवायचं ते गच्चीवरच्या माणसानेच. तोच, जो चौरस फुटाच्या हिशेबात बसत नाही.

यावर एक उपाय मला साधा हिशेबाचा वाटतो आणि मी तो आमच्या कमिटीपुढे ठेवला आहे. निविदा मागवतानाच सुरक्षेचे रकाने रंगापासून वेगळे काढायचे: प्रत्येक माणसामागे दोन दोर, आयएस 3521 चा शिक्का असलेला पूर्ण अंगाचा हार्नेस, गच्चीवरचा पूर्णवेळ माणूस, नावनिशीवार विमा, कामगारांसाठी संडास. या रकान्यांची रक्कम सोसायटीने स्वतः ठरवून छापायची, सगळ्या ठेकेदारांना सारखी. घासाघीस करायची ती रंगात करा. दोरात करायला जागाच ठेवायची नाही. बिल देतानाही हे रकाने रोज पाहून सही झाली असेल तरच द्यायचे. पहिल्या दिवशी सही कोण करणार, यावर सभा अडली. सचिव म्हणाले, सही केली म्हणजे उद्या काही झालं तर आपलं नाव येणार. खजिनदारांनी विचारलं, मग कुणीच सही केली नाही तर नाव कुणाचं येतं? तो मुद्दा पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत सहाव्या क्रमांकावर आहे. पाचवा मुद्दा शेड कार्डाचा आहे.